विश्लेषण : लष्करी गुपित फुटले तर खटला कुठे चालतो? आणि तो आपल्याला पाहता येतो का?

नागपूरच्या ब्रह्मोस अभियंत्याची जन्मठेप उच्च न्यायालयात टिकली नाही. ती का टिकली नाही हे आपल्याला कळले, कारण खटला साध्या न्यायालयात चालला आणि निकाल कारणांसह लिहिला गेला. हाच आरोप गणवेशातील माणसावर असता तर काय झाले असते? पुलगावच्या दारूगोळा भांडाराला खेटून राहणाऱ्या वर्धा जिल्ह्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

नागपूरच्या खटल्यात काय घडले?

८ ऑक्टोबर २०१८ रोजी उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकांनी ब्रह्मोस क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या नागपूर केंद्रातील अभियंता निशांत अग्रवाल याला अटक केली. पाकिस्तानातून चालवल्या जाणाऱ्या बनावट फेसबुक खात्यांशी संपर्क आणि खासगी लॅपटॉपमध्ये गोपनीय फाइल, असे आरोप होते. ३ जून २०२४ रोजी नागपूरच्या सत्र न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायदा आणि शासकीय गोपनीयता कायदा, म्हणजेच ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट, यांखाली त्याला जन्मठेप सुनावली.

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही जन्मठेप रद्द केली. माहिती शत्रूला पुरवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. गोपनीय फाइल खासगी उपकरणात ठेवून पुरेशी काळजी न घेतल्याचा दोष तेवढा कायम राहिला. त्याची शिक्षा ३ वर्षे. त्याहून अधिक काळ तो आधीच तुरुंगात काढून बसला होता.

फरक किती मोठा आहे पाहा. हेरगिरी केली म्हणणे वेगळे आणि फाइल निष्काळजीपणे ठेवली म्हणणे वेगळे. एका शब्दाने माणसाचे उरलेले आयुष्य तुरुंगात जाते, दुसऱ्याने ३ वर्षे. हा फरक पुराव्याच्या छाननीतून पुढे आला. यात क्षेपणास्त्राचे कोणतेही गुपित उघड झाले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आरोपी गणवेशात असता तर?

अग्रवाल नागरी अभियंता होता, म्हणून त्याचा खटला सत्र न्यायालयात गेला. सैनिकाच्या बाबतीत वाट वेगळी होऊ शकते.

पुलगावचेच उदाहरण घेऊ. समजा, भांडारातील साठ्याची यादी बाहेर गेली. संशय तिघांवर आहे : एक लष्करी अधिकारी, एक नागरी लिपिक आणि एक कंत्राटी मजूर. लिपिक आणि मजूर यांच्यावर सामान्यतः साध्या फौजदारी न्यायालयात खटला चालेल. अधिकाऱ्याला मात्र १९५० चा लष्कर कायदा लागू आहे. शत्रूला माहिती पुरवण्याचे गुन्हे त्या कायद्यातच आहेत आणि त्यातील सर्वांत गंभीर गुन्ह्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. शिवाय कलम ६९ नुसार शासकीय गोपनीयता कायद्याखालचा गुन्हाही लष्करी न्यायालयात, म्हणजे कोर्ट मार्शलमध्ये, चालवता येतो.

मग कुठे चालवायचा हे कोण ठरवते? कलम १२५ नुसार पहिला अधिकार संबंधित वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याचा. फौजदारी न्यायालयाला ते पटले नाही तर कलम १२६ नुसार ते आरोपीला आपल्याकडे मागू शकते. वाद राहिलाच तर केंद्र सरकारचा शब्द अखेरचा.

म्हणजे एकच यादी, एकच फूट, पण तिघांपैकी दोघांचा खटला वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या न्यायालयात आणि एकाचा छावणीच्या आत, असे होऊ शकते.

कोर्ट मार्शल गुप्त असते का?

कायद्याने ते आपोआप गुप्त नसते. लष्कराच्या १९५४ च्या नियमांत ‘बंद न्यायालय’ सांगितले आहे ते प्रामुख्याने सदस्यांच्या आपसातील विचारविनिमयासाठी. तेव्हा सदस्य, कायदेशीर सल्ला देणारा जज अ‍ॅडव्होकेट आणि प्रशिक्षणासाठी बसवलेले अधिकारी यांच्याखेरीज कोणालाही थांबता येत नाही.

नौदलाचा १९५७ चा कायदा याहून स्पष्ट आहे. कोर्ट मार्शल भरते ती जागा खुले न्यायालय मानावी आणि जागा असेल तितक्या लोकांना येऊ द्यावे, असे तो म्हणतो. सार्वजनिक हितासाठी किंवा न्यायासाठी गरज वाटली तर न्यायालय लोकांना बाहेर काढू शकते. म्हणजे दार उघडे ठेवणे हा नियम आणि बंद करणे हा अपवाद.

अडचण व्यवहारात आहे. जिल्हा न्यायालयात कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. छावणीच्या फाटकावर मात्र ओळखपत्र दाखवून, नोंद करून, परवानगी मिळाली तरच आत जाता येते. जिल्हा न्यायालयातील रोजची यादी मोबाइलवर दिसते. कोर्ट मार्शलची अशी यादी सामान्य माणसाला पाहायला मिळत नाही. कधी आणि कुठे भरणार हेच ठाऊक नसेल, तर दार उघडे असण्याचा उपयोग काय?

निकालात कारणे लिहिलेली असतात का?

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान ५ अधिकारी बसतात. निष्कर्ष बहुमताने ठरतो. मृत्युदंडासाठी किमान दोनतृतीयांश सदस्यांची सहमती लागते. वरिष्ठ अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय निष्कर्ष आणि शिक्षा वैध होत नाही. समरी कोर्ट मार्शल याहून आटोपशीर. तिथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो.

पूर्वी लष्कराच्या नियमाप्रमाणे निष्कर्षाची नोंद साधारणपणे ‘दोषी’ किंवा ‘दोषी नाही’ एवढीच होत असे; आताच्या नियमानुसार निष्कर्षाची थोडक्यात कारणेही नोंदवावी लागतात. १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की तेव्हाच्या नियमांनुसार निष्कर्ष किंवा शिक्षा देताना कारणे नोंदवण्याचे बंधन कोर्ट मार्शलवर नव्हते आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यावरही नव्हते.

नागपूरच्या निकालाशी तुलना करा. सत्र न्यायालयाने जन्मठेप का दिली हे लिहिले, म्हणून उच्च न्यायालयाला त्यातील प्रत्येक पायरी तपासता आली. इंजिनिअरिंगला प्रोग्राम चुकला की आम्हाला आधी लॉग पाहायला सांगत. कोणत्या पायरीवर काय झाले याची नोंद नसेल, तर चूक कुठे झाली हे बाहेरच्याला सापडत नाही. ‘दोषी’ हा एकच शब्द हाती असलेल्या माणसाची स्थिती तीच असे.

मग अपील कुठे करायचे?

कोर्ट मार्शलविरुद्ध अपिलाची सोयच नाही, ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात दाखवली होती. ती भरून काढायला २५ वर्षे लागली. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणात निवृत्त न्यायमूर्ती आणि निवृत्त लष्करी अधिकारी एकत्र बसतात आणि त्यांचे आदेश कारणांसह असतात. कोर्ट मार्शलमध्ये काय घडले हे बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा वाचायला मिळते ते बहुधा इथेच.

मात्र सुनावणी खुली ठेवायची की बंद दाराआड घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही आहे. त्यापुढे उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही शिल्लक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

आरोपीला स्वतःच्या खटल्याची प्रत मिळते का?

मिळते, पण अट आहे. निष्कर्ष आणि शिक्षा मंजूर झाल्यानंतर मागणी केल्यास कामकाजाची प्रत मिळण्याचा हक्क लष्कराच्या नियमांत आहे. देशाच्या सुरक्षेला किंवा मित्रदेशांशी असलेल्या संबंधांना बाधा येईल असे केंद्र सरकारने प्रमाणित केले, तर मात्र प्रत देता येत नाही.

त्यावर एक मधला मार्ग आहे. दाद मागायची असेल तर आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला कागद पाहता येतात. सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी जायचे आणि नक्कल काढणार नाही असे लिहून द्यायचे. गुपित फोडल्याच्या खटल्यात हीच शक्यता सर्वाधिक. म्हणजे ज्याची नोकरी, पेन्शन आणि स्वातंत्र्य पणाला लागले आहे त्याने शेकडो पाने वाचायची, लक्षात ठेवायची आणि आठवणीवर अपील लिहायचे.

साध्या न्यायालयातही दार बंद होऊ शकते?

होय. १९२३ च्या शासकीय गोपनीयता कायद्याचे कलम १४ त्यासाठीच आहे. पुरावा प्रसिद्ध झाल्यास देशाच्या सुरक्षेला धोका आहे, असा अर्ज सरकारी पक्षाने केला तर सुनावणीच्या कोणत्याही भागातून लोकांना बाहेर ठेवता येते.

मात्र याच कलमाची शेवटची ओळ महत्त्वाची आहे. शिक्षा कोणत्याही परिस्थितीत खुल्या न्यायालयातच सुनावली पाहिजे, असे ती सांगते. इंग्रजांनी गुलाम देशासाठी केलेल्या कायद्यातही एवढी खिडकी ठेवली आहे.

खुल्या न्यायाचा देशातील एक महत्त्वाचा निकाल मराठी नावानेच ओळखला जातो. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर यांनी मुंबई उच्च न्यायालयातील एका साक्षीची बातमी देण्यावर आलेल्या बंदीला आव्हान दिले होते. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची याचिका फेटाळली. न्यायासाठी आवश्यक असेल तर बंदी घालता येते, असे बहुमत झाले. पण खटला खुला चालवणे हाच नियम आहे, कारण लोकांची नजर न्यायदानातील मनमानीला आळा घालते, हेही त्याच निकालाने मान्य केले. मिरजकर हरले, पण तत्त्व राहिले.

आरोप दिसतो, उलटतपासणी दिसत नाही?

गुप्ततेचा पडदा नेहमी दोन्ही बाजूंना सारखा नसतो. पुण्यातील डीआरडीओ प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक प्रदीप कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये अटक झाली. दोषारोपपत्र दाखल होताच त्यातील चॅटचा मजकूर बातम्यांत आला आणि तिथून घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला. आरोप हा आरोप असतो. तो टिकतो की नाही हे साक्षीदाराच्या उलटतपासणीत कळते. आरोपाची बाजू सर्वांनी वाचायची आणि तिची परीक्षा मात्र बंद खोलीत व्हायची, असे कोणत्याही खटल्यात झाले तर लोकांच्या मनात निकाल आधीच लागलेला असतो.

दारे बंद राहिली की काय होते?

याचे सर्वांत वादग्रस्त उदाहरण म्हणजे सांबा प्रकरण. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जम्मूजवळच्या सांबा भागातील लष्करी तुकड्यांमध्ये हेरगिरीच्या आरोपावरून धरपकड झाली. एकाच्या जबानीतून दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याच्या जबानीतून तिसऱ्याचे, असे करत ५० हून अधिक जण अडकले. काहींना कोर्ट मार्शलने शिक्षा दिली, काहींना थेट सेवेतून काढले. छळ करून जबाब घेतल्याचे आरोप झाले.

२००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही कारवाई मोडीत काढली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. एवढ्या वर्षांत कोणी कॅप्टनचा म्हातारा झाला, पण प्रश्न मिटला नाही. ते हेर होते की नव्हते, यावर आजही दोन तट आहेत. खटले उघडपणे चालले असते तर दोषी असलेल्यांचा दोषही निर्विवाद ठरला असता. बंद दाराचा तोटा लष्करालाही होतो, तो असा.

अमेरिकेत काय झाले?

चेल्सी मॅनिंग या अमेरिकी लष्करातील विश्लेषकाने ७ लाखांच्या आसपास लष्करी आणि परराष्ट्र खात्याची कागदपत्रे विकिलिक्सला दिली. २०१३ मध्ये मेरिलँडमधील फोर्ट मीड येथे कोर्ट मार्शल झाले. पत्रकार आत बसू शकत होते, काही साक्षी मात्र बंद दाराआड झाल्या. खरी अडचण कागदांची होती. न्यायालयाचे आदेश, अर्ज आणि रोजच्या कामकाजाची प्रत वेळेवर मिळत नव्हती. शेवटी पत्रकारांच्या एका संस्थेने लोकवर्गणीतून स्टेनोग्राफर नेमले आणि रोजचे कामकाज टंकून प्रसिद्ध केले.

शत्रूला मदत केल्याच्या सर्वांत गंभीर आरोपातून मॅनिंगची सुटका झाली. इतर आरोपांत ३५ वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ती कमी केली. तिथल्या संसदेने २०१६ च्या अखेरीस लष्करी न्यायाचा कायदा बदलला आणि कोर्ट मार्शलच्या तारखा, अर्ज आणि नोंदी लोकांना उपलब्ध करण्याची तरतूद घातली. गुपिते तिथेही गुपितेच आहेत. पण खटल्याची नोंद आणि गुपित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्यात आले.

पुलगावशी याचा संबंध काय?

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. सुरुवातीच्या अधिकृत आकड्यांनुसार १६ जणांचा मृत्यू झाला. त्यांत २ अधिकारी होते आणि सर्वाधिक संख्या आग विझवायला धावलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांची होती. आगरगाव, नागझरीसारख्या आसपासच्या गावांतील लोकांनी अंधारात घरे सोडली. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी आले, चौकशीची घोषणा झाली.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि ६ जण मरण पावले. त्यांत पोटासाठी तिथे गेलेले मजूर होते.

अशा घटनांनंतर लष्करात ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमली जाते. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे. पुरावा गोळा करून मत देणारी ती अंतर्गत समिती असते. तिचे कामकाज खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तिचा अहवाल न्यायालयाच्या निकालासारखा संकेतस्थळावर टाकला जात नाही. पुढे कोर्ट मार्शल झाले तर आरोपी सैनिकाला त्यातील संबंधित जबाब आणि कागद मिळण्याचा हक्क आहे. मृतांच्या नातेवाइकांना किंवा शेजारच्या गावांना असा हक्क या नियमांत दिलेला नाही.

मग लोकांना माहिती कशी मिळते? सूत्रांच्या हवाल्याने. २०१६ च्या आगीमागे सदोष सुरुंगांतून पाझरलेले स्फोटक होते, अशा बातम्या आल्या त्या याच वाटेने. म्हणजे गुप्ततेमुळे माहिती बाहेर जायची थांबत नाही. ती अर्धवट, निनावी आणि पडताळता न येणाऱ्या रूपात बाहेर येते. कोणत्या शेडमध्ये काय ठेवले आहे हे गावकऱ्यांना नकोच आहे. आग पुन्हा लागू नये म्हणून काय बदलले, एवढेच त्यांना हवे आहे.

बातमी देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो का?

होतो. २०१७ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली येथे ‘सहायक’ पद्धतीवर छुप्या कॅमेऱ्याने वृत्तांकन करणाऱ्या एका महिला पत्रकारावर आणि तिला मदत करणाऱ्या माजी सैनिकावर शासकीय गोपनीयता कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. चित्रीकरणात दिसलेल्या एका जवानाचा मृत्यू झाल्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचे कलमही लावले होते. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा गुन्हा रद्द केला.

त्याच महिन्यात, १० एप्रिल २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राफेल प्रकरणात प्रसिद्ध झालेली फुटलेली कागदपत्रे विचारात घेण्यास सरकारने केलेला विरोध फेटाळला. कागद गोपनीय शिक्क्याचा आहे एवढ्यावरून न्यायालयाचे डोळे बांधता येत नाहीत, हा त्याचा अर्थ.

माहिती अधिकारात काय मागता येते?

पुष्कळांचा समज असतो की लष्कराला माहिती अधिकार लागूच नाही. तो चुकीचा आहे. कलम २४ खाली वगळलेल्या संस्थांच्या यादीत डीआरडीओ, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशी नावे आहेत. भारतीय लष्कर त्या यादीत नाही. लष्कराकडे अर्ज करता येतो.

अडथळा येतो तो कलम ८ चा. देशाच्या सुरक्षेला बाधा आणणारी माहिती नाकारता येते आणि चालू तपासात अडथळा आणणारी माहितीही. २० वर्षांनंतर बहुतेक अपवाद गळून पडतात, सुरक्षेचा मात्र कायम राहतो. १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रुक्स अहवाल देण्यास केंद्रीय माहिती आयोगाने २००९ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनंतरही, नकार दिला होता.

तरीही तीन तरतुदी नागरिकांच्या बाजूने आहेत. कलम ८ (२) नुसार माहिती उघड करण्यातील लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर, शासकीय गोपनीयता कायदा असूनही, माहिती देता येते. कलम २२ नुसार दोन कायद्यांत विरोध आल्यास माहिती अधिकार वरचढ ठरतो. आणि कलम १० नुसार कागदातील गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो.

म्हणून अर्ज ‘संपूर्ण अहवाल द्या’ असा करण्याऐवजी नेमका करा. चौकशी कोणत्या तारखेला संपली? सुरक्षेबाबत किती शिफारशी झाल्या आणि किती अमलात आल्या? किती जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, नावे न देता फक्त संख्या सांगा. मृतांच्या कुटुंबांना किती भरपाई दिली? शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील. केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवरून हे मोबाइलवरही करता येते.

मोबाइल हाती असलेल्यांनी काय लक्षात ठेवावे?

गुप्ततेवर प्रश्न विचारणे आणि गुपित पसरवणे यांत गल्लत करू नका. दारूगोळा साठवण्याची जागा कायद्याने ‘प्रतिबंधित ठिकाण’ ठरू शकते. कुंपणाजवळ व्हिडीओ काढणे, वाहनांच्या ताफ्याचे फोटो गटावर टाकणे महागात पडू शकते. गोपनीय माहिती देणाराच नव्हे, तर ती गोपनीय आहे हे ठाऊक असून घेणाराही कलम ५ खाली दोषी ठरू शकतो. आलेले फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे आठवा.

संरक्षण क्षेत्रात नोकरीला असाल तर नागपूरच्या खटल्याचा धडा सरळ आहे. कार्यालयाची फाइल घरच्या लॅपटॉपवर नको. अनोळखी प्रोफाइलकडून परदेशी नोकरीचे आमिष आणि ‘हे अ‍ॅप टाका’ असा निरोप आला तर अ‍ॅप टाकू नका, सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. हेतू वाईट नसला तरी निष्काळजीपणाला शिक्षा आहे.

थोडक्यात मुद्दा काय?

दारूगोळ्याचा नकाशा गुप्तच राहिला पाहिजे, याबद्दल पुलगावात कोणाचे दुमत सापडणार नाही. भांडारावर शेकडो घरे चालतात, त्यांतलेच काही जण आगीत गेले. पण आरोप काय, खटला कुठे, निकाल काय आणि त्याची कारणे कोणती, या चार गोष्टी नकाशा न दाखवता सांगता येतात. नागपूरच्या खटल्यात त्या सांगितल्या गेल्या आणि जन्मठेपेची ३ वर्षे झाली.

पुढच्या वेळी ‘हेर पकडला’ अशी बातमी मोबाइलवर झळकेल, तेव्हा नावाखाली कमेंट करण्याआधी एवढे पाहा : खटला कोणत्या न्यायालयात चालणार आहे आणि त्याचा निकाल आपल्याला वाचायला मिळणार आहे का?